पेपर पाठवण्याआधी जर्नलची पत कशी बघायची

निपाणीच्या माझ्या भाचीनं तंबाखूच्या वखारीतल्या बायकांच्या मजुरीवर पेपर लिहिलाय. परवा तिनं व्हॉट्सअ‍ॅपवरचा एक मेसेज पुढं ढकलला: 'तीन दिवसांत प्रसिद्धी, इम्पॅक्ट फॅक्टर 7.8, फी फक्त 1,500.' खाली तिचा प्रश्न, "मामा, भरू का पैसे?" म्हटलं, थांब, रविवारी बेळगावला ये. त्या दिवशी आम्ही जे केलं ते क्रमानं लिहितो.

आधी, दर्जा कुणाला दाखवायचाय ते ठरवा. इकडची मुलं कुणी राणी चन्नम्मा विद्यापीठात नोंदणी करतात, कुणी कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात. जिथं नोंदणी तिथला नियम, तोही लेखी घ्या. 'केअर लिस्टमध्ये', म्हणजे यूजीसीच्या मान्य जर्नल्सच्या यादीत, 'आहे' हे वाक्य आता पुरत नाही. यूजीसीनं ती यादी फेब्रुवारी 2025 मध्ये बंद केल्याचं जाहीर केलं आणि निकष ठरवणं संस्थांवर सोपवलं.

मग जर्नलचा आठ अंकी आयएसएसएन नंबर, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक, घ्या आणि स्कोपस या जर्नल्सच्या डेटाबेसच्या यादीत शोधा. ही यादी फुकट बघता येते. नाव सापडलं म्हणून हुरळू नका, कोणत्या वर्षापर्यंत नोंद आहे ते बघा. मधेच वगळलेली जर्नल्सही तिथं दिसतात. नामांकित जर्नलचं नाव आणि नंबर उचलून खोटी वेबसाइट काढणारेही आहेत, त्यामुळे मेसेजमधल्या लिंकवरून जाऊ नका.

आता तो इम्पॅक्ट फॅक्टर. खरा आकडा क्लॅरिव्हेट ही कंपनी काढते. समजा, एका जर्नलनं 2023 आणि 2024 मिळून 80 लेख छापले आणि 2025 मध्ये त्यांचा 160 वेळा संदर्भ दिला गेला, तर 2025 चा आकडा 2. एवढंच गणित. पण ही सरासरी आहे. दोन-चार गाजलेले लेख सगळ्या जर्नलला वर ओढतात. शिवाय अर्थशास्त्रात लेख तपासून छापायलाच वर्ष-दोन वर्षं जातात, संदर्भ उशिरा येतात, म्हणून दोन वर्षांची खिडकी तिथं तोकडी पडते. मॅनेजमेंटच्या आकड्याशी अर्थशास्त्राचा आकडा लावून बघू नये तो याचसाठी. सायमॅगो या वेबसाइटवर क्यू-वन (सगळ्यात वरचा) ते क्यू-फोर असे गट विषयवार मिळतात, तेही फुकट. एकच जर्नल एका विषयात क्यू-वन, दुसऱ्यात क्यू-टू असू शकतं.

आकड्यांखेरीज जाणकारांनी ठरवलेल्या याद्याही आहेत. ऑस्ट्रेलियातल्या बिझनेस स्कूलच्या डीन्सच्या यादीत ए-स्टार, ए, बी, सी अशा श्रेणी. ब्रिटनच्या यादीत चार-स्टारपासून एकपर्यंत. फायनान्शियल टाइम्सची निवडक 50 जर्नल्स. बिझनेस स्कूलवाले यांना फार मानतात. अर्थशास्त्रज्ञांचं दैवत वेगळं: अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू, इकॉनोमेट्रिका यांसह पाच जर्नल्स, 'टॉप फाइव्ह'. निपाणीच्या वखारीला तिथं जागा मिळणं कठीण, हे माझं मत. मुंबईचं इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली मला तिच्यासाठी जास्त जवळचं वाटतं.

मेसेजमधल्या जर्नलचा नंबर भाचीनं शेवटी टाकून बघितला. भलत्याच विषयाचं जर्नल निघालं. पोरगी गप्प झाली, कुंद्याची वाटी पुढं ओढली, आणि वीकलीच्या गेल्या वर्षीच्या अंकांत बायकांच्या मजुरीवर किती लेख आलेत ते मोजत बसली.