टाईप वनवाल्यांनो, पळा-चाला बिनधास्त पण रात्रीचं आधी बघा

मी जळगावचा. चौदाव्या वर्षी टाईप वन डायबिटीस निघाला, म्हणजे शरीर स्वतः इन्शुलिन बनवत नाही, ते टोचावंच लागतं, आता एकवीस वर्षं होतील. शाळेत पीटीच्या तासाला मला झाडाखाली बसवून ठेवायचे, घरी पण पळू नको खेळू नको चालू असायचं, आणि खरं सांगू तर मलाही ते बरंच वाटायचं. मग तिशीत पोट सुटलं, इन्शुलिनची युनिटं वाढत चालली, डॉक्टर म्हणाले चालायला लाग, म्हणून मेहरूण तलावावर जायला लागलो.

पहिल्याच आठवड्यात एका संध्याकाळी तिथल्या पोरांच्या नादानं पळत सुटलो, चांगला पाऊण तास. घरी आलो, शुगर १३०, एकदम खुश. जेवलो, इन्शुलिन रोजच्याइतकंच टोचलं आणि झोपलो. रात्री तीनला आई गदागदा हलवतेय, उशी घामानं ओलीचिंब, मी कायतरी बरळतोय आणि आई "काय व्हयनं रे, काय व्हयनं" करत साखरेचं पाणी पाजतेय. मीटरवर ४६.

तर ज्याला टाईप वन आहे आणि व्यायाम सुरू करायचाय त्यानं हेच आधी डोक्यात बसवा, पळणं थांबलं म्हणजे व्यायाम संपला असं होत नाही. पळताना स्नायू स्वतःजवळ साठवलेली साखर वापरतात, नंतर ती भरून काढायला रक्तातली ओढत राहतात, वर इन्शुलिनला ते जास्त दाद द्यायला लागतात, आणि हे सगळं २४ तासांपर्यंत चालू शकतं. संध्याकाळी पळालात तर खड्डा नेमका झोपेत येतो. टाईप टूच्या काकांना हे सांगून कळत नाही, ते म्हणतात चाललं की शुगर कमी होते ना, मग बरंच आहे की. त्यांचं शरीर इन्शुलिन कमी करू शकतं हो, आपण एकदा टोचलेलं परत कसं काढणार?

म्हणून निघायच्या आधी मीटर. माझं असं आहे, शुगर १२६ ते १८० च्या मधे असेल तर सरळ निघतो. ९० च्या खाली असेल तर १० ते २० ग्रॅम कार्ब (खाण्यातला साखर-पिठाचा भाग) खाऊन थांबतो, वर आली की निघतो. केळीच्या गावात राहतो त्यामुळे खायचं काय हा प्रश्न नाही, मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम कार्ब असतात, म्हणजे अर्धं बास, आपल्याकडची मोठी केळी असली तर अर्ध्यालाही कमी. २५० च्या वर असेल तर आधी कीटोन (इन्शुलिन कमी पडलं की अंगात तयार होणारं आम्ल) तपासायचे. रक्तातले कीटोन १.५ किंवा जास्त आले तर त्या दिवशी व्यायाम अजिबात नाही, कारण अंगात इन्शुलिन पुरेसं नाही आणि पळालात तर शुगर अजून वर जाईल, आधी त्याचा बंदोबस्त करा आणि डॉक्टरांना फोन लावा. आणि आदल्या २४ तासात कुणी दुसऱ्यानं भरवावं लागेल इतका जोरदार लो (शुगर फार खाली जाणं) होऊन गेला असेल तर त्या दिवशी घरीच बसा.

दुसरं बघायचं ते म्हणजे शेवटचं जेवणाचं इन्शुलिन कधी घेतलं. ते तीन-चार तास, कधी जास्तही अंगात काम करत असतं आणि एक-दोन तासांनी सगळ्यात जोरात असतं. जेवलो, टोचलं आणि तासाभरात सायकल काढली की गेलाच खाली. जेवणानंतर लगेच व्यायाम असेल तर मी त्या जेवणाचं इन्शुलिन निम्मं घेतो, हे डॉक्टरांनी माझी शुगरच्या आकड्यांची वही बघून ठरवून दिलंय, तुम्ही तुमच्या डॉक्टरांना विचारा, माझा आकडा उचलू नका. सोपा मार्ग हवा असेल तर सकाळी नाष्ट्याच्या आधी चाला, तेव्हा जेवणाचं इन्शुलिन अंगात नसतं, शुगर फार कोसळत नाही. आणि मांडीत टोचून लगेच पळायला जाऊ नका, इन्शुलिन रक्तात लवकर उतरतं, पोटात टोचा.

सगळे व्यायाम एकसारखे नाहीत हे मला जिममधे जाऊन कळलं. चालणं, सायकल, हळूहळू पळणं यानं शुगर खाली येते. जड वजनं उचलली किंवा जीव खाऊन धावलात की उलटी वर जाते, कारण अंगात अ‍ॅड्रेनलिन सुटतं आणि लिव्हर साखर सोडतं. पहिल्यांदा वजनं मारून २४० बघितली तेव्हा वैतागून जास्तीचं इन्शुलिन मारलं आणि दोन तासांनी लो, ती गंमत तुम्ही करू नका, ती आपोआप उतरते बऱ्याचदा. आता मी आधी वजनं आणि मग चालणं असं करतो, शुगर बरीच सरळ राहते. कानबाईच्या विसर्जनात दोन तास नाचलात तर तोही व्यायामच धरा बरं का, वहीत लिहा.

खिशात साखर. हे जेवढं साधं तेवढंच लोक विसरतात. ग्लुकोज पावडरची पुडी किंवा साखर, छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत, गाठ मारून, ट्रॅकपँटच्या खिशात, गाडीच्या डिकीत नाही कारण गाडी राहते पार्किंगमधे आणि तुम्ही तलावाच्या पलीकडे. ७० च्या खाली गेलात की १५ ग्रॅम, म्हणजे साधारण तीन चहाचे चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटं बसा, परत तपासा, अजून खालीच असेल तर परत १५. बर्फी, चॉकलेट, पेढा यात तूप-फॅट असतं, साखर रक्तात यायला वेळ लागतो, लोमधे त्याचा उपयोग नाही. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीच घालायचं नाही, कुशीवर वळवा, घरी ग्लुकॅगॉन (शुगर वर आणणारं औषध) असेल तर द्या आणि १०८ ला फोन लावा. हे बरोबर फिरायला येणाऱ्या एकाला तरी शिकवून ठेवा, लाजू नका. अंगावर शुगर मोजणारा सेन्सर लावत असाल तर तो रक्ताच्या मागे काही मिनिटं असतो, व्यायामात जास्तच, त्यामुळे हात थरथरतायत आणि सेन्सर ९५ दाखवतोय तर बोट टोचून बघा.

आता रात्र. संध्याकाळी व्यायाम झाला असेल तर रात्रीचं जेवणाचं इन्शुलिन थोडं कमी, किती ते डॉक्टरांशी बोलून, आणि झोपताना शुगर बघितल्याशिवाय दिवा बंद करायचा नाही. खाली वाटली तर अर्धी भाकरी आणि दूध. नवीन व्यायाम सुरू केला की पहिले काही दिवस मी तीनचा अलार्म लावतो, झोपमोड होते, चालतंय. वहीत चार आकडे, आधी, नंतर, झोपताना, तीनला. महिनाभरात तुमचं तुम्हालाच कळायला लागतं, माझं पाऊण तास चालण्याला ५०-६० नं उतरतं, तुमचं वेगळं असेल.

आपल्याकडचा उन्हाळा हा वेगळाच विषय आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळला ४५ च्या आसपास जातं आणि त्या उन्हात मी एकदा इन्शुलिनचं पेन गाडीच्या डिकीत दुपारभर ठेवलं. पुढचे दोन दिवस शुगर ३०० च्या खाली येईना, मी जेवणाला दोष देतोय, आखाजीच्या आमरसाला दोष देतोय, आणि खरं तर इन्शुलिनच मेलेलं. न उघडलेलं इन्शुलिन २ ते ८ डिग्रीत, फ्रिजमधे पण फ्रीझरला चिकटून नाही, गोठलं तर फेकूनच द्यायचं. चालू पेन बाहेर ठेवायचं तर ३० डिग्रीच्या आत, बहुतेक पेनं २८ दिवस, पाकिटावर बघा. लाईट गेली तर मातीचं मडकं, त्यात ओली वाळू, वाळूत दुसरं छोटं मडकं आणि त्यात पिशवीत बांधलेलं पेन, घरात सावलीला, बऱ्यापैकी गार राहतं. स्ट्रिपचा डबा पण उन्हात नको. उन्हात अंग तापलं की इन्शुलिनही रक्तात लवकर उतरतं, म्हणून एप्रिल-मे मधे सकाळी सहाच्या आत चालून घरी या.

टार्गेट काय ठेवायचं तर व्यायाम आठवड्याला १५० मिनिटं, आणि सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा नको. शुगर ७० ते १८० मधे दिवसातला ७० टक्के वेळ राहिली तर लय भारी, शंभर टक्क्याच्या मागे लागलात तर लो होत बसाल. तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे HbA1c ची तपासणी, बऱ्याच मोठ्या माणसांना ७ टक्क्यांच्या खाली ठेवायला सांगतात, ज्याला सारखे लो येतात त्याला डॉक्टर सूट देतात. वर्षातून डोळ्याचा पडदा आणि लघवीतलं प्रोटीन तपासून घ्या. वरणबट्टी बंद करायची गरज नाही, बट्टी मोजून खा आणि तूप जास्त असेल तर शुगर उशिरा चढते हे लक्षात ठेवा. कारल्याचा रस, मेथीदाणे, जांभळाच्या बिया हवं तर घ्या, पण कुणी म्हणालं यानं इन्शुलिन बंद करता येतं तर हसून चहा पाजा आणि इन्शुलिन चालू ठेवा, टाईप वनमधे ते बंद केलं की काही दिवसात जिवावर येतं. वासिम अक्रमला १९९७ मधे टाईप वन निघाला आणि २००३ पर्यंत खेळला तो, इन्शुलिन घेऊनच.

चैत्रात आपल्या भागातून वणीच्या गडावर पायी जातात, गेल्या वर्षी मी पण गेलो. रोजचं लांबचं चालणं असल्यानं डॉक्टरांनी लांब पल्ल्याचं इन्शुलिन निघायच्या दिवसापासूनच २० टक्के कमी करून दिलं, दर तासाला बोट टोचायचो, वाटेत भंडाऱ्याची बुंदी खाल्ली ती पण मोजून. पेनं दोन पिशव्यात वाटून, एक माझ्याकडे एक मित्राकडे. अनवाणी मात्र गेलो नाही, आई देवीजवळ माफी मागून आली आणि मी जुने, पायाला बसलेले बूट घातले, नवे नाही. रोज मुक्कामाला पोचलो की मोबाईलच्या टॉर्चनं तळवे बघायचे, बोटांच्या मधेसुद्धा, कारण डायबिटीसनं बधिर झालेल्या पायाला फोड आलेला कळत नाही. तिसऱ्या दिवशी करंगळीला एक सापडला, न फोडता पट्टी लावली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धा टप्पा गाडीत बसून गेलो.