घरचे किस्से मंचावर नेताना: या चुका टाळा

स्टँडअप करू लागलेल्या जवळजवळ प्रत्येकाचे पहिले मटेरियल घरातूनच येते. आई-वडील, भावंडे, जोडीदार, मुले ही माणसे हाताशी असतात, त्यांच्या बोलण्याच्या लकबी पाठ असतात आणि तोच किस्सा दुसऱ्या कोणी आधी सांगितला असेल ही भीती नसते. तरीही ओपन माइकवर (कोणालाही काही मिनिटे मंच देणाऱ्या कार्यक्रमात) सर्वांत जास्त पडणारे, म्हणजे हशा न मिळवणारे, बिट (एकाच विषयावरचे विनोदी तुकडे) याच विषयाचे असतात. कलाकार मग प्रेक्षकांना, त्यांच्या मूडला किंवा आपल्याला मिळालेल्या क्रमांकाला दोष देतात. माझ्या मते दोष बहुतेक वेळा एकाच जागी असतो: घरातील बाकी सगळी माणसे किश्श्यात हजर असतात आणि सांगणारा स्वतः त्यातून गायब असतो. पुढे येणाऱ्या बऱ्याचशा चुका या गैरहजेरीतून निघतात; काही मात्र निव्वळ व्यवहाराच्या आहेत, पण त्या जास्त महागात पडतात.

घरात हशा, मंचावर शांतता

जो किस्सा घरच्या बैठकीत दर वेळी सगळ्यांना लोळवतो, तो मंचावर पडतो, कारण घरी ऐकणारी माणसे खरे तर किस्सा ऐकतच नसतात. काकांचे नाव निघाले की त्यांच्या डोळ्यांसमोर काका येतात आणि अर्धा हशा तिथेच पिकतो. प्रेक्षकांना काका माहीत नसतात, म्हणून कलाकार त्यांची ओळख करून देऊ लागतो: ते कुठे नोकरीला होते, प्रसंग कोणाच्या लग्नात घडला, तिथे आणखी कोण कोण होते. दीड-दोन मिनिटे अशी जातात आणि ‘तर असे आमचे काका’ या वाक्यावर बिट संपतो, ज्यात हसण्यासारखे काहीच नसते.

एक उदाहरण घेऊ. समजा, वडिलांना अशी सवय आहे की माहितीपुस्तिका पूर्ण वाचून झाल्याशिवाय ते घरात कोणतेही यंत्र सुरू करू देत नाहीत. पहिल्या मसुद्यात कलाकार सांगतो की वडील आधीपासूनच शिस्तीचे, कार्यालयातही सगळे त्यांना घाबरत, मागच्या वर्षी ताईने घरी वॉशिंग मशीन पाठवले, ते पोचवायला आलेला माणूस फार घाईत होता, आणि मग वडिलांनी पुस्तिका हातात घेतली. यात माहिती पुष्कळ आहे, हसण्याची जागा एकही नाही. आता तोच प्रसंग असा मांडून पाहा: ‘घरी वॉशिंग मशीन येऊन अकरा दिवस झाले होते आणि आम्ही कपडे हातानेच धूत होतो. कारण बाबा अजून पान बेचाळीसवर.’ ताई, कार्यालय, पोचवणारा माणूस हे सगळे गळाले आणि वडिलांचा स्वभाव मात्र पूर्ण उभा राहिला. (शेवटचे ‘होते’ मुद्दाम गाळले आहे. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येत असल्यामुळे पंचाचा, म्हणजे हशा पिकवणारा, शब्द फुटून गेल्यावरही वाक्य रेंगाळत राहते आणि सुरू झालेला हशा कलाकार स्वतःच्याच शब्दांनी दाबतो. छापील मजकुरात ‘होते’ शोभून दिसते, मंचावर ते काढावे.)

इथवरचा विनोद वडिलांवर आहे. पुढचे वाक्य त्याला सांगणाऱ्याकडे वळवते: ‘माझ्यासोबत पुस्तिका आली नव्हती, म्हणून मला त्यांनी थेट सुरू केले. परिणाम तुमच्यासमोर उभा आहे.’ हा टॅग (पंचानंतर जोडलेला आणखी एक टोला) जोडल्यावर प्रेक्षक मोकळेपणाने हसतात, कारण कोणा अपरिचित वृद्धाची खिल्ली उडवण्यात आपण सामील झालो, असे त्यांना वाटत नाही. शिवाय पहिल्या दोन वाक्यांत अनोळखी असलेले वडील या वाक्यानंतर कोणाच्याही घरातील वडील होतात.

आपला बिट नेमका कुठे अडतो हे कळण्यासाठी प्रत्येक सेट (मंचावरचे आपले पूर्ण सादरीकरण) मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावा आणि लिहिलेल्या मजकुरावर हशाच्या जागी खुणा कराव्यात. दोन खुणांमध्ये चार-पाच ओळींचे अंतर असेल, तर त्या ओळींतील प्रत्येक नाव, नाते आणि ठिकाण पुढच्या पंचासाठी लागते का ते तपासावे. जे लागत नाही ते खरे असले तरी काढावे. कलाकाराला इथेच सर्वांत जास्त जड जाते, कारण तपशील काढणे म्हणजे आठवणीशी बेइमानी असे त्याला वाटते. ‘तुम्ही त्यांना भेटला असता तर हसला असता’ हे वाक्य ज्या बिटनंतर मनात येते, तो बिट अजून तयार झालेला नाही, असे समजावे.

मंचावर भरवलेले न्यायालय

जोडीदारावरचे आणि सासरवरचे बरेचसे मटेरियल तक्रारीच्या पातळीवरच राहते. कलाकार शहाणा, बाकी सगळे मूर्ख, आणि प्रेक्षकांनी हसून त्याच्या बाजूने निकाल द्यायचा, अशी ही मांडणी असते. पहिल्या दोन विनोदांना लोक हसतातही, पण नंतर त्यांचे लक्ष इथे नसलेल्या त्या माणसाकडे जाते आणि ‘ही बाई याच्याबरोबर राहते तरी कशी’ असा विचार सुरू होतो. हशा बारीक होत गेला आणि टाळ्या फक्त एका विशिष्ट वयाच्या पुरुषांकडूनच येऊ लागल्या, तर रोगाचे निदान झाले असे समजायला हरकत नाही.

या बाबतीत फिलिस डिलर यांची पद्धत आजही अभ्यासण्यासारखी आहे. पाच मुलांची आई असलेल्या या अमेरिकन विनोदकाराने १९५५ मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी व्यावसायिक मंचावर पाऊल ठेवले. नवऱ्यावरचे विनोद करण्यासाठी त्यांनी ‘फँग’ नावाचे पात्र उभे केले आणि ते काल्पनिक असल्याचे त्या सांगत असत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या स्वतःला कधी वगळत नसत. घर न आवरणारी, स्वयंपाक बिघडवणारी, स्वतःच्या रूपाची टर उडवणारी बाई त्या मंचावर उभी करत, त्यामुळे फँगवर मारलेला टोला एकतर्फी वाटत नसे. टंकलिखित विनोदांचे त्यांचे पोलादी कपाट आज अमेरिकेच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात असून त्यात ५०,००० हून अधिक कार्डे आहेत. घरगुती विनोद म्हणजे घरात घडलेले जसेच्या तसे सांगणे, असा ज्यांचा समज आहे, त्यांनी हा आकडा लक्षात घ्यावा. एवढे सगळे कोणाच्याही घरात घडत नाही.

उपाय सोपा आहे, पण अहंकाराला झोंबणारा आहे. प्रत्येक भांडणाचा किस्सा लिहून झाल्यावर तोच प्रसंग समोरच्या व्यक्तीच्या तोंडून एकदा लिहून काढावा. त्यात आपण ज्या ठिकाणी हास्यास्पद दिसतो, तिथे बहुधा खरा पंच सापडतो.

घरातील प्रत्येक पात्राला एकच चिरका आवाज देणे ही याच घराण्यातील लहान चूक. आवाज बदलता येत नसेल तर तो बदलू नये. त्या माणसाचे नेहमीचे एखादे वाक्य त्याच्याच शब्दांत, सरळ आवाजात म्हटले तरी पुरते.

जखम फार ताजी, किंवा फार जुनी

आजारपण, घटस्फोट, मृत्यू, व्यसन यांवर बोलताना सभागृहातून ‘अरेरे’ असा सूर येऊ लागला की हशा संपला म्हणून समजावे. प्रेक्षक त्या क्षणी विनोद ऐकत नसतात, कलाकाराची काळजी करत असतात. अशा वेळी ‘थोडा काळ जाऊ द्या’ हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो अर्धाच बरोबर आहे. २०१२ मध्ये अमेरिकेत आलेल्या सँडी चक्रीवादळावरील विनोद लोकांना वेगवेगळ्या वेळी दाखवून मानसशास्त्रज्ञांनी एक अभ्यास केला होता. वादळाच्या तडाख्यानंतर लगेच ते विनोद खटकले, साधारण पाच आठवड्यांनी सर्वांत जास्त आवडले आणि नंतर पुन्हा फिके पडले. म्हणजे लवकर सांगण्याइतकीच उशिरा सांगण्याचीही चूक होऊ शकते. घरगुती दुःखाला हे वेळापत्रक जसेच्या तसे लागू होणार नाही, परंतु दहा वर्षांपूर्वीचा प्रसंग फक्त पाठ झाला आहे म्हणून सांगणाऱ्यांच्या बिटमध्ये जो निर्जीवपणा येतो, त्याचे कारण यातून कळते.

अमेरिकन विनोदकार रिचर्ड प्रायर जून १९८० मध्ये अमली पदार्थांच्या सेवनाच्या भरात गंभीररीत्या भाजले. १९८२ मध्ये प्रदर्शित झालेल्या कार्यक्रमात त्यांनी या घटनेवर सविस्तर बोलून, शेवटी लोक आपल्यावर करत असलेला विनोद काडी पेटवून स्वतःच करून दाखवला. याउलट अमेरिकन विनोदकार टिग नोटारो यांनी ३ ऑगस्ट २०१२ रोजी, कर्करोगाचे निदान होऊन जेमतेम काही दिवस झालेले असताना, लॉस एंजेलिसमधील मंचावर रोजच्या प्रसन्न नमस्काराच्या सुरात आपल्याला कर्करोग झाल्याचे जाहीर केले, आणि तो सेट गाजला. त्यांच्या आईचा मृत्यूही त्याच वर्षी झाला होता. ही दोन उदाहरणे शेजारी ठेवली की दिनदर्शिका निर्णायक नसल्याचे दिसते. मंचावर उभ्या असलेल्या माणसाचा स्वतःच्या सुरावर ताबा आहे, हे प्रेक्षकांना पहिल्या दोन वाक्यांतच जाणवावे लागते. नोटारो यांना मंचाचा अनेक वर्षांचा अनुभव होता, ही गोष्ट त्यांचे अनुकरण करणारे नवोदित सोयीने विसरतात.

त्यामुळे दुःखाचा विषय काढताना आधी एक छोटा हशा मिळवावा आणि मगच पुढे जावे. प्रसंग एखाद्या मित्राला सांगताना आवाज अजून कापत असेल, तर तो बिट ओपन माइकच्या पाच मिनिटांत नेऊ नये. तेवढ्या वेळात प्रेक्षकांना दुःखात उतरवून परत वर आणता येत नाही. आणखी एक धोका ऑस्ट्रेलियन विनोदकार हॅना गॅड्सबी यांनी २०१८ मध्ये गाजलेल्या आपल्या कार्यक्रमात नेमका मांडला: विनोद ताण निर्माण करून पंचवर थांबतो, त्यामुळे प्रसंगाचा खरा शेवट बाहेरच राहतो, आणि तोच बिट वर्षानुवर्षे सांगितला की सांगणाऱ्याच्या स्मरणातही ती अर्धीच गोष्ट पक्की होते. स्वतःच्या घरावर जगणाऱ्या प्रत्येक कलाकाराने हा मुद्दा गांभीर्याने घ्यावा, असे मला वाटते.

अतिशयोक्ती कुठे करावी

वॉशिंग मशीनच्या किश्श्यातील अकरा दिवसांचे खरे तर दोनच दिवस असतील, तर त्याला कोणी खोटे म्हणत नाही. अतिशयोक्ती हे विनोदाचे जुने साधन आहे आणि प्रेक्षक ती गृहीत धरूनच बसलेले असतात. चूक होते ती घटनेचा आकार सोडून घटनाच नवी रचण्यात, विशेषतः त्या रचलेल्या घटनेवर प्रेक्षकांची सहानुभूती किंवा संताप मागितला जात असेल तेव्हा. सप्टेंबर २०२३ मध्ये एका अमेरिकन साप्ताहिकाने विनोदकार हसन मिनहाज यांच्या कार्यक्रमांतील काही आत्मचरित्रात्मक प्रसंग तपासले, तेव्हा त्यांनी काही तपशील रचलेले वा बदललेले असल्याचे मान्य केले आणि त्यामागचे भावनिक सत्य खरे असल्याची बाजू मांडली. त्यावर बरीच चर्चा झाली. माझे मत असे की हशासाठी वाढवलेले चालते; आरोपासाठी किंवा डोळ्यांत पाणी आणण्यासाठी वाढवलेले चालत नाही, कारण तिथे प्रेक्षक विनोद ऐकणे थांबवून साक्ष ऐकू लागलेले असतात.

न विचारता काढलेली क्लिप

पन्नास लोकांच्या खोलीत सांगितलेला किस्सा त्या खोलीतच राहत असे, तो काळ गेला. आता सेटमधील चाळीस-पन्नास सेकंदांचा तुकडा कापून समाजमाध्यमांवर टाकला जातो. आधीचा जिव्हाळा आणि नंतरचा स्वतःवरचा टोला त्यात येत नाही आणि आईला तो शेजारणीच्या मोबाइलवर दिसतो. पूर्ण सेटमध्ये निरागस वाटणारा विनोद क्लिपमध्ये निव्वळ अपमान होऊ शकतो, म्हणून घरच्यांवरील बिटमध्ये काप कुठे बसतो याचा निर्णय कलाकाराने स्वतः घ्यावा, संपादकावर सोडू नये.

परवानगीच्या बाबतीत ‘तुझ्यावर विनोद केला तर चालेल ना?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे, कारण त्याचे उत्तर नेहमी हो येते. नेमका बिट, नेमक्या शब्दांत, त्या व्यक्तीला म्हणून दाखवावा. नाव बदलण्याचा उपयोग मित्रांच्या बाबतीत होतो; बायको, नवरा किंवा आई या नात्याने ओळख पटतच असल्यामुळे तिथे त्याने काही साधत नाही. बहिणीचे आजारपण, भावाचे कर्ज, मेहुण्याची मोडलेली सोयरीक ही माहिती आपल्याला घरातला म्हणून मिळालेली असते, त्यामुळे ती सांगण्याचा अधिकार आपोआप मिळत नाही. लहान मुलांच्या बाबतीत मी आणखी कडक राहीन: मूल काय बोलले ते सांगावे, मुलाला कशाची लाज वाटते ते सांगू नये.

प्रकरण न्यायालयातही जाऊ शकते. सुंदा क्रूनक्विस्ट या अमेरिकन विनोदकारावर त्यांच्या सासूने आणि सासरच्या इतर माणसांनी मंचावरील विनोदांवरून बदनामीचा दावा लावला होता. २०१० मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. कायद्याने कलाकार जिंकला, पण त्यानंतरच्या कौटुंबिक समारंभांची कल्पना कोणीही करू शकतो.

आधीच टाकलेल्या क्लिपमुळे कोणी दुखावले असेल, तर ‘विनोदच तर होता’ असे म्हणत बसू नये. क्लिप त्याच दिवशी काढावी, बिट काही काळ सेटमधून बाजूला ठेवावा आणि त्या भांडणावर लगेच नवा बिट लिहिण्याचा मोह टाळावा, जरी तो चांगला लिहून होणार हे माहीत असले तरी. घरातील माणसे ‘हे तू स्टेजवर सांगणार नाहीस ना?’ असे विचारून मगच बोलू लागली असतील, तर काही महिने घराबाहेरचे विषय घ्यावेत. आणि ज्यांच्यावर बिट आहे ती व्यक्ती कार्यक्रमाला येणार असेल, तर साधारण कितव्या मिनिटाला तिचा उल्लेख येतो ते तिला आधी सांगावे, शक्यतो मागच्या रांगेत बसवावे आणि मंचावरून तिच्याकडे बोट दाखवू नये.