शेजारच्या ठेकेदाराशी नातं कसं जोडावं, आणि कुठे थांबावं

स्लॅबचा दिवस. दुपारचे बारा. निम्मा माल पडलाय आणि व्हायब्रेटर, म्हणजे काँक्रीट हलवून घट्ट बसवणारं यंत्र, बंद. भाड्याच्या दुकानातून उत्तर येतं, 'चारनंतर बघू.' काँक्रीट चारपर्यंत थांबत नाही. अशा वेळी आपल्या साइटवरचा व्हायब्रेटर रिक्षात टाकून पाठवणारा ठेकेदार हाताशी असेल तर स्लॅब वाचतो. पण तो माणूस बाराला शोधून सापडत नाही. त्याच्याशी दोन वर्षं आधीपासून देवाणघेवाण लागते.

एका वेळी दोन-चार साइट चालवणाऱ्या, बंगले आणि छोट्या इमारती बांधणाऱ्यांसाठी हे लिहितोय. मोठ्या कंपन्यांचं गणित वेगळं.

आधी माणसं हेरा. चार-पाच पुरेत. त्यातले दोघे अगदी तुमचंच काम करणारे हवेत, पण शक्यतो शहराच्या दुसऱ्या टोकाचे. बाकीचे प्लंबिंग, वायरिंग, वॉटरप्रूफिंग, फॅब्रिकेशनवाले. बिल्डर्स असोसिएशन ऑफ इंडिया 1941 पासून आहे, गावोगावी इंजिनिअरांच्या संघटना आहेत. तिथे ओळखी होतात, जरूर जा. पण माणूस कसा आहे हे तिथल्या जेवणात कळत नाही. ते सिमेंट-लोखंडाच्या दुकानदाराला विचारा: उधारी किती दिवसांत फेडतो? आणि मुकादमाला विचारा: बाजाराच्या दिवशी मजुरांचा पगार होतो का, की 'पुढच्या आठवड्यात' चालतं? मजुराचा पगार लटकवणारा तुमचे पैसे वेळेवर देईल, ही आशा सोडा.

मग उसनवारी सुरू करा, छोट्या वस्तूंपासून. ब्रेकर, मिक्सर, दहा-वीस जॅक. पहिली वस्तू तुम्ही द्या. वही ठेवा: काय दिलं, किती नग, कुठल्या तारखेला, कोणत्या अवस्थेत. मैत्रीत वही कसली, असं वाटेल. पण प्लेटांच्या मोजणीवरून तुटलेली मैत्री मी पाहिली आहे.

सेंट्रिंगच्या प्लेटा, म्हणजे ओल्या स्लॅबखाली टेकूंवर बसवायचे पत्रे, हा खरा कस. हजार फुटांच्या स्लॅबला तीन बाय दोनच्या साधारण 170 प्लेटा लागतात. त्या देताना परतीची तारीख स्लॅब भरण्याच्या तारखेवरून ठरवा, तोंडी अंदाजावर नको. आयएस 456 या काँक्रीट कामाच्या भारतीय मानकाप्रमाणे साध्या सिमेंटला साडेचार मीटरपर्यंत गाळा (दोन आधारांमधलं अंतर) असलेल्या स्लॅबचे टेकू सात दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याला चौदा दिवस ठेवावे लागतात. सहा मीटरपर्यंतच्या बीमखालचे चौदा, त्यापुढे एकवीस. थंडी असेल तर आणखी. तुमचा पुढचा स्लॅब दहाव्या दिवशी असेल आणि मागणाऱ्याच्या स्लॅबचा गाळा पाच मीटरचा, तर प्लेटा देऊच नका. दिल्या तर तुम्ही तगादा लावणार, तो लवकर खोलणार आणि स्लॅबला झोळ येणार. नाही म्हणणंही नात्याचाच भाग आहे.

न जमणारं काम मित्राकडे वळवा. पावसाळ्याआधी गच्चीगळतीचे फोन येतात, तुमची माणसं अडकलेली. ग्राहकाला 'बघतो, बघतो' म्हणत झुलवू नका. मित्राचा नंबर द्या. कमिशन घेणार असाल तर आधीच बोला, नसाल तर तेही बोला. मनातल्या मनात अपेक्षा ठेवणारेच नंतर तक्रार करतात. त्याच्याकडून उपठेका करून घेत असाल तर मोजमापं दोघांनी मिळून घ्या, सह्या करा. बिल जीएसटीचं की विनाजीएसटीचं, हे रेट ठरवतानाच स्पष्ट हवं. बांधकामाच्या ठेक्यावर साधारण 18 टक्के जीएसटी असतो, आणि तो नंतर कोणाच्या खिशातून जाणार यावर भांडण ठरलेलं. तुम्हाला टीडीएस (पैसे देतानाच कापायचा आयकर) लागू असेल तर व्यक्तीला 1 टक्का, फर्मला 2 टक्के कापणार हेही सांगून टाका.

महिन्यातून एकदा बसा, आणि झालेल्या कामाचा खरा हिशेब उघडा. हे सगळ्यात अवघड आणि सगळ्यात कामाचं. ठेकेदार चहावर फायद्याच्या गप्पा मारतो. तोट्याची साइट बायकोलाही सांगत नाही. एकेका बैठकीत एकाने आपलं एकच पूर्ण झालेलं काम मांडायचं. फुटाला चार किलो लोखंड धरलं होतं, लागलं पाच, का? प्लॅस्टरला वाळू किती ब्रास गेली? मुकादमाला दिलेली उचल कितपत वसूल झाली? ग्राहकाने वाढीव कामाचे पैसे का अडवले? पहिल्यांदा तुम्हीच मांडा, तेही बुडालेलं काम. मी तसं केलं तेव्हा पाच मिनिटं कोणी बोललं नाही. मग एकाने आपली त्याहून वाईट साइट सांगितली. मोजमापाशिवाय वाढीव काम करायचं नाही, हे मी तिथेच शिकलो.

आता कुंपण. एकमेकांचा मुकादम फोडायचा नाही. तो स्वतःहून आला तर आधी मित्राला फोन. मित्राने पाठवलेल्या ग्राहकाला त्याच्यामागे कमी रेट सांगायचा नाही. स्वतःचं लायसन्स दुसऱ्याला टेंडर भरायला द्यायचं नाही, काम तो करेल आणि नोटीस तुमच्या नावावर येईल.

आणि येणाऱ्या टेंडरचा रेट आपसात ठरवायचा नाही. 'रिंग' हा शब्द आपल्याकडे हसत वापरतात, पण 2002 च्या स्पर्धा कायद्यात त्यासाठी नफ्याच्या तिप्पट किंवा उलाढालीच्या 10 टक्क्यांपर्यंत दंडाची तरतूद आहे. झालेल्या कामाचा खर्च बोला, भरायच्या आकड्यावर गप्प राहा.

बँकेच्या कर्जाला जामीन राहायची वेळ आली तर सरळ नकार द्या, लवकर द्या. आणि कोणी दोनदा प्लेटा उशिरा, तुटक्या परत केल्या तर भांडू नका. वहीत त्याच्या नावापुढे रेघ ओढा. चहा चालू ठेवा, प्लेटा बंद.