पाऊस, विहीर आणि कापसाचा भाव: तीन आलेख एकाच चित्रात

पावसाचा आलेख एका कागदावर, वावरातल्या विहिरीचा दुसऱ्यावर आणि हिंगणघाट बाजार समितीतल्या कापसाच्या भावाचा तिसऱ्यावर असला, की तुलना मनातच करावी लागते. तिन्ही एकाखाली एक लावा. ऑगस्टच्या झडीनंतर विहिरीला पाणी किती दिवसांनी चढलं, ते सरळ दिसतं.

पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेतली मॅटप्लॉटलिब ही आलेख काढायची लायब्ररी (तयार कोडचा संच) हे काम करते. गूगल कोलॅबमध्ये, म्हणजे ब्राउझरमध्ये पायथॉन चालवायच्या जागेत, ती आधीपासून असते, वेगळी टाकावी लागत नाही. इथे कोडमधली नावं देवनागरीत दिली आहेत. कोडमध्ये ती रोमन लिपीत टाका, आकडेही इंग्रजी.

सुरुवात तारखांपासून. पांडाज या तक्ते हाताळायच्या लायब्ररीने सीएसव्ही (तक्त्याची साधी फाइल) वाचताना तारखेचा रकाना ‘पार्स_डेट्स’मध्ये द्या आणि ‘डेफर्स्ट’ (आधी दिवस, मग महिना) ट्रू, म्हणजे चालू, ठेवा. नाहीतर ०५/०७ म्हणजे ७ मे धरलं जातं आणि जुलैचा पाऊस मे महिन्यात जाऊन बसतो.

आता चौकट. मॅटप्लॉटलिबच्या ‘सबप्लॉट्स’ला ३ ओळी आणि १ रकाना सांगा. त्यातून अख्खं चित्र ‘फिग’मध्ये आणि तीन आलेखांच्या जागा ‘एएक्स’मध्ये घ्या. मोजणी शून्यापासून: एएक्स[०] पाऊस, एएक्स[१] विहीर, एएक्स[२] भाव. त्याच कंसात ‘फिगसाइज’ ८ बाय १० इंच आणि ‘लेआउट’ कन्स्ट्रेन्ड द्या, म्हणजे नावं एकमेकांवर चढत नाहीत.

सगळ्यात मोलाचं ‘शेअरएक्स’ ट्रू. त्यामुळे तिन्ही आलेखांत एकच तारीख एका उभ्या रेषेत येते. ‘शेअरवाय’ मात्र अजिबात लावू नका. भाव हजारांत असतो, त्याच्या मापात पावसाचे मिलिमीटर तळाला चिकटून दिसेनासे होतील.

पाऊस ‘बार’ने काढा, कारण तो त्या-त्या दिवसाचा असतो. विहीर आणि भाव ‘प्लॉट’ने. लिलाव रोज होत नाही, म्हणून भावाच्या रेघेवर ‘मार्कर’ने ठिपके द्या, खरी नोंद कोणत्या दिवसाची ते कळतं.

विहिरीकडे जरा नीट लक्ष द्या. आपण दोर सोडून काठापासून पाणी किती फुटांवर आहे ते मोजतो. म्हणजे पाणी चढलं की आकडा कमी होतो आणि भर पावसाळ्यात रेघ खाली जाते. पाहणारा हमखास फसतो. एएक्स[१] वर ‘इन्व्हर्ट_वायॲक्सिस’ चालवा. शून्य वर जातो आणि रेघ पाण्यासारखी चढते-उतरते.

प्रत्येकाला ‘सेट_वायलेबल’ने एकक द्या: मिलिमीटर, फूट, रुपये प्रति क्विंटल. मराठीत लिहाल तर नेहमीच्या फॉन्टमध्ये चौकोन येतात. नोटो सान्स देवनागरी बसवा आणि जोडाक्षरं तपासा.

शेवटी चित्र साठवायला फिगचंच ‘सेव्हफिग’, ‘डीपीआय’ (दर इंचातले ठिपके) २००. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर छापून लावायचं असेल, तर ३००.