स्टुटगार्टला राहायला येताय? आधी जिना शिका

मला इथे, जर्मनीतल्या या शहरात, नऊ वर्षं झाली. नव्याने येणाऱ्यांचे फोन येतात तेव्हा पहिला प्रश्न भाषेचा असतो आणि दुसरा घरभाड्याचा. मी मात्र जिन्यापासून सुरुवात करते. तुम्ही कसे आहात हे शेजाऱ्यांना जिन्यातच कळतं आणि तेही तुम्हाला तिथेच कळतात. शहर, देश, संस्कृती हे सगळं मागाहून येतं.

किल्ली हातात आली की त्याच दिवशी बेलवर आणि पत्रपेटीवर आडनाव लावा. इथे बहुतेक इमारतींत पत्त्यात फ्लॅटचा नंबरच नसतो. पोस्टमन नाव बघून पत्र टाकतो, नाव नसेल तर पत्र परत जातं. घरमालक पाटी लावतील म्हणून मी आठवडाभर थांबले आणि तेवढ्यात माझं बँकेचं कार्ड परत गेलं. ते पुन्हा मागवण्यात तीन आठवडे गेले. साध्या कागदावर लिहून चिकटपट्टीने लावलं तरी चालतं.

दुसरं काम आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची सरकारी नोंद. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत ती करावी लागते. पासपोर्टबरोबर घरमालकाच्या सहीचं ‘ही व्यक्ती अमुक तारखेला इथे राहायला आली’ असं पत्र लागतं. नुसता भाडेकरार पुरत नाही, त्यामुळे किल्ली घेतानाच ते मागून घ्या. ब्युर्गरब्युरोची, म्हणजे नागरिक कार्यालयाची, वेळ शक्यतो देशात पोचायच्या आधीच घेऊन ठेवा. नोंद झाली की तुमचा कर क्रमांक पोस्टाने येतो. म्हणजे पुन्हा पत्रपेटीवरचं नाव आलंच.

आता जिना. पहिल्याच महिन्यात एका सोमवारी माझ्या दाराच्या मुठीला एक लाकडी पाटी लटकलेली दिसली: ‘केरवोखं’. उच्चार ‘केअर’च्या जवळ जातो, पण मराठी कानाला ‘केर’च ऐकू येतो, आणि अर्थही तोच निघाला: झाडण्याचा आठवडा. ज्याच्या दारावर पाटी, त्याची त्या आठवड्यात सफाईची पाळी. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. चुकून लागली असेल असं समजून मी ती समोरच्या दाराला अडकवली. दोन दिवसांनी ती परत माझ्या दारावर आली आणि जिन्यात भेटणारे मान वळवून जाऊ लागले.

मी खालच्या मजल्यावरच्या आजींची बेल वाजवली आणि मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये विचारलं, हे काय असतं? त्या आत गेल्या आणि बादली घेऊनच बाहेर आल्या. वरच्या पायरीपासून सुरुवात करायची. आधी कोपऱ्यांतला केर काढायचा, मग फडकं अगदी कोरडं पिळून पुसायचं, कारण लाकडावर पाणी राहिलं की डाग पडतो. कठडा विसरायचा नाही, त्याला सगळ्यांचे हात लागतात. खिडकीची कडासुद्धा पुसायची. अर्धा जिना त्यांनी पुसला, उरलेला माझ्याकडून करून घेतला, आणि त्या दिवसापासून माझ्या नमस्काराला उत्तर येऊ लागलं.

ही पद्धत फार जुनी आहे. १४९२ च्या शहराच्या नियमांतच प्रत्येकाने आपली घाण दर आठवड्याला बाहेर नेण्याची सक्ती होती. १९८८ मध्ये शहराने आपला सफाईचा नियम काढून टाकला, पण इमारतींनी प्रथा सोडली नाही. म्हणून भाडेकरार आणि हाउसऑर्डनुंग, म्हणजे इमारतीचे नियम, सही करण्याआधी वाचा. ‘छोटी’ पाळी आपल्या मजल्यापुढच्या जिन्याची. ‘मोठी’ पाळी तळघर, अंगण आणि फुटपाथची, आणि हिवाळ्यात बर्फ काढायचं कामही बऱ्याचदा तिच्यातच येतं. आठवडाभर परगावी जाणार असाल तर पाळी शेजाऱ्याशी बदलून घ्या. विचारलं तर कुणी नाही म्हणत नाही.

कचऱ्याचं थोडक्यात सांगते. कागद, पॅकिंग, ओला कचरा आणि उरलेला, असे डबे वेगवेगळे असतात. रंग गावागणिक बदलतात, तेव्हा झाकणावरचं लेबल वाचा. प्लॅस्टिकच्या बाटलीवर बहुतेक वेळा २५ सेंट अनामत असते, बाटली दुकानातल्या मशीनमध्ये टाकून पैसे परत घ्या. अनामत नसलेल्या काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या मोठ्या डब्यात जातात, पण रविवारी नाही, कारण त्या फुटण्याचा आवाज होतो. रात्री १० ते सकाळी ६ आणि रविवारचा पूर्ण दिवस शांततेचा. ड्रिल, हातोडा, सगळं शनिवारी उरका. दुकानंही रविवारी बंद असतात, दूध आदल्या दिवशीच आणा. पहिले काही महिने हा रविवार फार अंगावर येतो. घरात बसू नका, इथले ‘श्टेफले’ चढा. डोंगरउतारावरचे, मूळचे द्राक्षमळ्यांसाठीचे हे पायऱ्यांचे रस्ते शहरभर शेकड्याने आहेत.

जिन्यात कुणीही भेटलं तर ‘ग्र्यूस गॉट’, म्हणजे नमस्कार, म्हणा, लहान मुलालासुद्धा. मोठ्यांना ‘झी’, म्हणजे आपलं ‘तुम्ही’. ‘डू’वर, म्हणजे ‘तू’वर, यायचा प्रस्ताव वयाने मोठ्या माणसाकडूनच यावा लागतो. घाई करू नका. आजींना मी सहा वर्षं ‘झी’ म्हणत होते. सातव्या वर्षी एकदा मी कठडा पुसत असताना त्या थांबल्या, हात पुढे केला, स्वतःचं पहिलं नाव सांगितलं आणि म्हणाल्या, आता ‘डू’ म्हण. मला तिथे पायरीवर बसावंसं वाटलं.

गेल्या महिन्यात तिसऱ्या मजल्यावर एक विद्यार्थी राहायला आला. माझा आठवडा संपला होता, पाटी त्याला द्यायची होती. पाटी कधीही नुसती अडकवून जाऊ नका, निदान नव्या माणसाच्या दाराला तरी नाही. बेल वाजवून हातात द्या. त्याच्या बेलवर नावच नव्हतं. मी घरी जाऊन मार्कर आणि चिकटपट्टी आणली, त्याला आडनावाचं स्पेलिंग विचारलं, आधी बेलवर आणि मग खाली जाऊन पत्रपेटीवर लावलं. मग बादली घेऊन आम्ही दोघं वरच्या पायरीपाशी गेलो.