मे महिन्यात नेट काऊन मरते, राजेहो

नवतपा (मे अखेरचे ते नऊ कडक तापाचे दिवस) लागला की आपल्या टोळीत दुपारी एकच रड, नेट गेलं बे, आणि मग अर्धा तास नुसती खेचाखेची, कोणी म्हणते राऊटरला तर्री पोहे खाऊ घाल, कोणी म्हणते कूलरसमोर बसव. हे दुसरं तर अजिबात करू नका, कूलरची हवा ओली असते, शिंतोडे उडाले की ॲडॉप्टरची वाट लागलीच समजा.

खरी गोष्ट अशी की घरगुती राऊटर बहुतेक ० ते ४० अंश सेल्सिअससाठी बनवलेले असतात अन् नागपुरात पारा ४५ च्या वर जातो. त्यात तो डबा टीव्हीच्या मागं कोंबलेला, वरून क्रोशाचं झाकण! (कोणाच्या आईनं टाकलं ते विचारू नका.) झाकण काढा, पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीपासून हलवा, आतल्या खोलीत उंचावर मोकळा ठेवा. मधात कूलर येऊ देऊ नका, पत्रा आणि पाणी दोन्ही सिग्नल खातात.

दूरच्या खोलीत वायफायचा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा सोडून २.४ चा पकडा, स्पीड कमी पण भिंतीतून बरं जाते. फक्त मायक्रोवेव्ह त्याच पट्ट्यात चालतो, तो सुरू असला की नेट अडकू शकते.

अन् फायबरवाल्यांनो, एलओएसचा (लॉस ऑफ सिग्नल, म्हणजे सिग्नल तुटल्याचा) लाल लाईट लागला असेल तर बिघाड लाईनमधी आहे, तेव्हा कंपनीला फोन लावा, आमचं डोकं खाऊ नका.