अकरावीला विषय घेताना आधी पात्रतेचं पान उघडा

दहावीचा निकाल लागला की नातेवाईकांचे फोन सुरू होतात, कुणाचा तरी भाचा एआयमध्ये लाखात खेळतोय हे ऐकवलं जातं आणि मग पोरगं म्हणतं मला पण एआयच करायचंय. ठीके. पण स्टेट बोर्डाच्या अकरावीला बसताना समोर असतं फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायो, नाहीतर कॉमर्सचे बीके (बुककीपिंग), ओसीएम (वाणिज्य संघटन आणि व्यवस्थापन), एसपी (सेक्रेटरियल प्रॅक्टिस), आणि सोबत आयटी की हिंदी की जर्मन. या विषयांवरून पगार ठरत नाही, पुढे कुठल्या कोर्सला पात्र राहाल तेवढं ठरतं. म्हणून उलटं सुरू करायचं.

मुलाला बरी वाटतात अशी तीन-चार करिअर कागदावर लिहा, दोन नको आणि दहाही नकोत. मग त्या कोर्सची मागच्या वर्षीची माहिती पुस्तिका सीईटी सेलच्या (राज्याच्या प्रवेश परीक्षा घेणारी सरकारी यंत्रणा) किंवा त्या त्या परीक्षेच्या साइटवरून डाउनलोड करा आणि थेट पात्रतेचं पान काढा, बाकीची शंभर पानं नंतर. तिथे कंपल्सरी विषय दिलेले असतात. इंजिनिअरिंग म्हटलं की फिजिक्स-मॅथ्स आलंच, आणि ओपनवाल्याला ग्रुपच्या तीन विषयांत मिळून ४५ टक्के. बी.फार्मला फिजिक्स-केमिस्ट्रीसोबत मॅथ्स किंवा बायो, दोन्हीपैकी काहीही चालतं, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. नीटला, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला, बायो हवंच. पाच वर्षांच्या लॉला कुठलीही शाखा चालते. एनडीएत आर्मीसाठी आर्ट्सवाला पण चालतो, एअरफोर्स-नेव्हीला मात्र पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) लागतं, आणि लेखी परीक्षेत मॅथ्सचा ३०० मार्कांचा पेपर सगळ्यांनाच आहे.

अशी चार पानं वाचली की लक्षात येतं, मॅथ्स सोडलं की सगळ्यात जास्त रस्ते बंद होतात. आर्किटेक्चर, स्टॅटिस्टिक्स, डेटा सायन्स, आयएसआयचं (इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट) बी.स्टॅट, एवढंच काय दिल्ली युनिव्हर्सिटीचं इकॉनॉमिक्स ऑनर्स, बहुतेक सगळीकडे बारावीचं मॅथ्स मागतात. माझं मत विचाराल तर मुलाला मॅथ्स जेमतेम जमत असेल तरी ठेवा. अजिबातच जमत नसेल, वही उघडली की पोटात दुखत असेल, तर मात्र नका लादू.

कॉमर्सवाल्यांचा इथेच घोळ होतो. मॅथ्स की एसपी असा चॉइस असतो आणि एसपी पाठ केलं की मार्क पडतात म्हणून अख्खा वर्ग एसपी घेतो. सीएला बारावीचं मॅथ्स कंपल्सरी नाही, खरंय, पण त्याच्या पहिल्या परीक्षेच्या, फाउंडेशनच्या, चार पेपरपैकी एक पेपर बिझनेस मॅथ्स, लॉजिकल रिझनिंग आणि स्टॅट्सचाच आहे, तेव्हा ते कुठेतरी शिकावं लागणारच. फायनान्समध्ये जायचं डोक्यात असेल तर एसपी सोडा बिनधास्त.

सायन्सला "चारही घेऊन टाक, दोन्हीकडे चान्स राहील" हा सल्ला हमखास मिळतो. पीसीएमबी वाईट नाही पण ते दोन वर्षं निभवायला लागतं. एमएचटी-सीईटीचं, म्हणजे राज्यातल्या इंजिनिअरिंग-फार्मसीच्या प्रवेश परीक्षेचं, गणित बघा, फिजिक्स ५० आणि केमिस्ट्री ५० मार्क, आणि मॅथ्सचे ५० प्रश्न दोन-दोन मार्कांचे, म्हणजे निम्मा पेपर एकट्या मॅथ्सचा. पीसीबीला (मॅथ्सऐवजी बायो) ते १०० मार्क बायोचे. शिवाय २० टक्के वेटेज अकरावीच्या सिलॅबसला आहे, त्यामुळे अकरावीत आराम करू हा प्लॅन डोक्यातून काढा. नुसतं पीसीबी घेणाऱ्यांनी एमबीबीएस नाही लागलं तर काय हे आत्ताच लिहून ठेवावं, सरकारी सीटा मोजक्याच आणि प्रायव्हेटची फी ऐकून घाम फुटतो.

बायफोकल (दोन विषयांच्या जागी घ्यायचा व्यावसायिक विषय) कॉम्प्युटर सायन्स २०० मार्कांचं असतं, त्यासाठी सेकंड लँग्वेज आणि बहुतेक वेळा बायो सोडावं लागतं. सी प्लस प्लस, एचटीएमएल, ८०८५ मायक्रोप्रोसेसर असलं असतं त्यात. आवडत असेल तर मजा येते, पण पुढे सॉफ्टवेअरला जायला ते लागतंच असं नाही आणि सीईटीत त्याचे मार्क धरत नाहीत. आयटीचंही तसंच, स्कोअरिंग आहे, बास.

आता पगार. कॉलेजच्या बॅनरवर "हायेस्ट पॅकेज" लिहिलेलं असतं ते एका पोराचं असतं, बाकीच्यांचं काय ते बॅनर सांगत नाही. एनआयआरएफला (केंद्र सरकारची कॉलेज रँकिंग) कॉलेजं जी माहिती देतात त्यात मीडियन सॅलरीचा, म्हणजे अगदी मधल्या मुलाच्या पगाराचा, आकडा असतो, तो बघा, आणि किती जणांनी पदवी घेतली नि किती जणांना नोकरी लागली ते शेजारीच असतं. आणि पॅकेज म्हणजे सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च), त्यात पीएफ, ग्रॅच्युइटी, व्हेरिएबल सगळं धरलेलं, हातात येणारा आकडा वेगळाच. चार-पाच वर्षांनी कुठल्या ब्रँचला भाव असेल हे तर कुणीच छातीठोक सांगू शकत नाही, त्यामुळे आजच्या ट्रेंडवर सगळा डाव लावू नका.

फॉर्म भरण्याआधी कॉलेजात स्वतः जाऊन विचारा की आमचं कॉम्बिनेशन तुमच्याकडे आहे का, तुकडी अनुदानित की विनाअनुदानित (फीमध्ये चांगलाच फरक पडतो), आयटी-जर्मनला वेगळी फी आहे का. कारण अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशात पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की ते घ्यावंच लागतं, नाही घेतलं तर पुढच्या रेग्युलर राउंडमधून बाहेर, आणि मग तिथे मॅथ्ससोबत आयटी मिळत नाही हे ॲडमिशनच्या दिवशी कळून उपयोग नाही.